गाठ गळ्यात नव्हती: कॅप्टन चार्ल्स मार्टेल यांचं प्रकरण

चार्ल्स मार्टेल हे अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरचे अधिकारी, पुढे कप्तान झालेले. १९१८ साली विशीतल्या या माणसाची उंची सहा फूट एक इंच होती. त्या काळचा त्यांचा फोटो वैद्यकीय लेखांत आजही छापला जातो: ताठ मान, रुंद खांदे, देखणा चेहरा. त्याच्या शेजारी काही वर्षांनंतरचा दुसरा फोटो असतो. त्यात मान खांद्यांत रुतली आहे, छातीचं हाड कबुतराच्या छातीसारखं पुढे आलं आहे, पाठीला पोक आहे. मधल्या काळात त्यांची उंची सात इंचांनी घटली होती. मणके एकावर एक दबत गेले, तसा माणूस खाली खाली आला.

तक्रारी एकदम आल्या नाहीत. आधी पाय आणि कंबर दुखू लागली, चालताना पाय लटपटू लागले. मग लघवी गढूळ झाली आणि पुढे तिच्यातून वाळूसारखी पांढरी कच पडू लागली. मग जरा कुठे घसरलं, आपटलं, की हाड मोडायचं. एक जुळून येईपर्यंत दुसरं. समुद्रावरची नोकरी अशा शरीराला झेपणारी नव्हतीच.

१९२६ साली ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉ. यूजीन डुबॉय यांच्याकडे आले. एक्स-रेत सबंध सांगाड्यातलं कॅल्शियम उतरलेलं दिसत होतं, आणि रक्तात मात्र कॅल्शियम मर्यादेच्या बरंच वर. हाडं रिकामी, रक्त भरलेलं. डुबॉय यांनी गळ्यातल्या, कॅल्शियमवर ताबा ठेवणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी बेफाम झाल्याचं निदान केलं. गाठ कोणी पाहिलेली नव्हती, हाताला लागलेली नव्हती. अमेरिकेत जिवंत रुग्णात, ऑपरेशनच्या आधी, हे निदान पहिल्यांदा झालं ते इथे.

निदान अचूक होतं. तरीही गाठ सापडायला सहा वर्षं आणि सात शस्त्रक्रिया लागल्या. पॅराथायरॉइड शिकवताना मी हेच प्रकरण निवडतो, ते एवढ्यासाठी. विद्यार्थी 'हायपरपॅराथायरॉइडिझम' एवढा शब्द लिहून मोकळे होतात आणि त्यांना वाटतं निदान झालं. तो शब्द म्हणजे अर्धं निदान. ग्रंथी जास्त काम करते आहे, ठीक; पण का करते आहे, एक की चारही, आणि ती आहे कुठे, हे राहिलंच. मार्टेल यांचा जीव या उरलेल्या अर्ध्यात गेला.

पाटकरी

पॅराथायरॉइड, म्हणजे परावटू ग्रंथी, सहसा चार असतात. गळ्यात थायरॉइडच्या मागच्या अंगाला, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. एकेक मसुराच्या दाण्याएवढी, वजन ३० ते ५० मिलिग्रॅम, रंग पिवळट तपकिरी. आजूबाजूच्या चरबीत अशा मिसळून जातात की सराव नसलेल्या डोळ्याला दिसतच नाहीत. माणसाच्या शरीरात त्या शोधल्या स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने, १८८० साली. त्याच्या आधी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना अशी ग्रंथी दिसली होती. म्हणजे पहिली नोंद आपल्याकडच्या प्राण्याची, पण तेव्हा तिचं काम काय हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

रुग्णाचे नातेवाईक मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: "डॉक्टर, रिपोर्टमध्ये कॅल्शियम वाढलंय म्हणता, मग हाडं ठिसूळ कशी?" त्यांना मी पाटकऱ्याची गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला ती लगेच कळते.

शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत. हाडं म्हणजे धरण. रक्त म्हणजे पाट. पाटाला पातळी ठरलेली: दर १०० मिलिलिटरला सुमारे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. हृदय, स्नायू, मज्जातंतू यांचं सगळं शेत याच पाण्यावर चालतं, म्हणून पातळी हलून चालत नाही. दारावर बसलेला पाटकरी म्हणजे पॅराथायरॉइड. पाणी जरा उतरलं की तो दार उचलतो, पातळी आली की खाली टाकतो. त्याचं हत्यार म्हणजे पीटीएच हे संप्रेरक. ते हाडांतून कॅल्शियम सोडवतं. मूत्रपिंडाला सांगतं की कॅल्शियम राख आणि फॉस्फेट सोड. शिवाय मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्वाचं कार्यक्षम रूप तयार करवून घेतं, त्यामुळे आतडी जेवणातलं कॅल्शियम जास्त ओढतात.

आता पाटकरी दार उचलून बसला आहे असं दिसलं, तर त्याची तीन कारणं असू शकतात.

एक, पाट खरोखर कोरडा पडतोय. पाटकऱ्याची काहीच चूक नाही, तो नेमून दिलेलं काम करतोय. याला दुय्यम प्रकार म्हणतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता, आतड्यांतून कॅल्शियम न शोषलं जाणं आणि सगळ्यात मोठं म्हणजे मूत्रपिंडाचा जुना आजार. निकामी होत चाललेलं मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकू शकत नाही आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावू शकत नाही. कॅल्शियम पडू लागतं आणि चारही ग्रंथी फुगतात. डायलिसिसवरच्या रुग्णांचा पीटीएच आम्ही दर काही महिन्यांनी पाहतो तो याचसाठी.

दोन, पाट दुथडी वाहतोय तरी पाटकरी दार सोडत नाही. हा प्राथमिक प्रकार. दोष ग्रंथीतच. इथे रक्तात कॅल्शियम वाढतं. मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायची आज्ञा असूनही रक्तातूनच इतकं गाळून येतं की बरंचसं लघवीत सांडतं आणि त्याचे खडे होतात.

तीन, पाट वर्षानुवर्षं कोरडा होता म्हणून दार उचललेलं राहिलं, आणि पुढे पाणी आलं तरी गंजलेलं दार खाली येईना. हा तिसऱ्या टप्प्याचा प्रकार, तृतीयक. बरीच वर्षं डायलिसिसवर काढून मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसात तो भेटतो. नवं मूत्रपिंड उत्तम चालतं आणि कॅल्शियम वाढतच जातं.

लांबून पाहणाऱ्याला तिन्ही वेळा एकच दृश्य दिसतं: उचललेलं दार. म्हणून नुसता पीटीएच वाढलेला पाहून घाबरणं आणि नुसता पीटीएच वाढलेला पाहून कापायला निघणं, दोन्ही चूक. त्याच दिवशीचं, त्याच रक्तातलं कॅल्शियम शेजारी ठेवल्याशिवाय पीटीएचच्या आकड्याला अर्थ नाही.

व्हिएन्नातला घोळ

ही कारण आणि परिणाम यांची गल्लत मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. ती एका माणसाच्या अंगावर घडलेली आहे.

१९०७ साली व्हिएन्नातले विकृतिशास्त्रज्ञ याकोब एर्डहाइम यांनी हाडं मऊ झालेल्या मृतांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी तपासल्या आणि त्या मोठ्या झालेल्या पाहिल्या. त्यांनी अर्थ लावला की हाडं आधी बिघडतात आणि त्यांना सावरायला ग्रंथी वाढतात. त्यांच्यासमोरच्या हाडांच्या रुग्णांपुरतं ते बरोबरच होतं. आजच्या भाषेत तो दुय्यम प्रकार. पण अधिकारी माणसाचं मत सगळ्यांना लागू झालं. १९१५ साली त्याच शहरातले फ्रीड्रिख श्लागेनहाउफर म्हणाले की चारांतली एकच ग्रंथी मोठी असेल तर ती सावरायला वाढलेली कशी म्हणायची? सावरायला वाढायचं तर चौघींनी वाढायला हवं. एकच वाढली असेल तर तीच रोगाचं मूळ आहे, ती काढा. किती साधा, किती बिनतोड मुद्दा! दहा वर्षं तो कोणी हाती घेतला नाही.

१९२५ साली शल्यचिकित्सक फेलिक्स मांडल यांच्याकडे ट्राममधला एक कंडक्टर होता. हाडं पोखरलेली, पाय मोडलेला, वेदना असह्य. मांडल यांनी प्रचलित मताप्रमाणे ग्रंथी कमी पडतायत असं धरलं. आधी त्याला ग्रंथीचा अर्क दिला. उपयोग होईना, तेव्हा अपघातात दगावलेल्या एका माणसाच्या पॅराथायरॉइड ग्रंथी काढून त्याच्यात रोवल्या. म्हणजे उघड्या दारावर आणखी पाटकरी नेमले. अर्थात काही सुधारलं नाही. मग मांडल यांनी आपलं मत उलटं केलं, ३० जुलै १९२५ रोजी त्याचा गळा उघडला आणि एक गाठ काढली. लघवीतलं कॅल्शियम उतरलं, वेदना थांबल्या, काही महिन्यांत तो काठीच्या आधाराने चालू लागला.

मत बदलणाऱ्या मांडल यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. स्वतः केलेला उपचार चुकीच्या दिशेचा होता हे मान्य करून त्याच रुग्णावर उलट दिशेने जाणं सोपं नसतं. काही वर्षांनी त्या कंडक्टरचा आजार परतला आणि १९३६ मध्ये तो गेला. ती गाठ कर्करोगाची असावी असं पुढे बऱ्याच जणांना वाटलं. पण १९२५ च्या त्या दिवशी एर्डहाइम आणि श्लागेनहाउफर यांच्या वादाचा निकाल लागला: हाडांच्या आधी ग्रंथी बिघडू शकते.

न्यूयॉर्कमध्ये डुबॉय यांच्यापर्यंत हे धागे दुसऱ्या बाजूने पोचले होते. कॅनडात जेम्स कॉलिप यांनी १९२५ सालीच प्राण्यांच्या ग्रंथींपासून प्रभावी अर्क बनवला होता आणि तो टोचला की रक्तातलं कॅल्शियम वाढतं हे दाखवलं होतं. अर्क टोचलेल्या प्राण्यात जे चित्र दिसतं ते कोणी काही न टोचता कप्तानांच्या शरीरात दिसतंय, एवढी सांगड डुबॉय यांनी घातली.

वॉर्ड नंबर चार

डुबॉय यांनी मार्टेल यांना बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथे जोसेफ ऑब शिशाच्या विषबाधेवर काम करत होते. शिसं हाडांत साठतं, आणि ते बाहेर काढायला ऑब पॅराथायरॉइडचा अर्क वापरत. त्यामुळे कॅल्शियमचा हिशेब ठेवण्यात त्यांच्या वॉर्ड नंबर चारचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हिशेब शब्दशः. रुग्णाच्या ताटातला प्रत्येक घास तोलून द्यायचा, ताटात उरलेलं परत तोलायचं. लघवी आणि विष्ठेचा कणही वाया न घालवता जमा करायची, तिच्यातलं कॅल्शियम मोजायचं. दिवसामागून दिवस. पोटात किती गेलं, बाहेर किती आलं, फरक किती. मार्टेल यांच्या खात्यात फरक वजा होता: खाण्यातून येई त्याहून जास्त कॅल्शियम शरीर सोडत होतं. हाडं रोज थोडी थोडी लघवीतून वाहून जात होती, आणि ते कागदावर आकड्यांत उतरत होतं.

१९२६ मध्येच एडवर्ड रिचर्डसन यांनी त्यांच्या मानेवर पहिली शस्त्रक्रिया केली. एक पॅराथायरॉइड सापडली, काढली. ती निरोगी निघाली. दुसऱ्या शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूची एक काढली. तीही निरोगी. कॅल्शियम जिथल्या तिथे.

आज हे वाचताना कळवळायला होतं, पण रिचर्डसन यांना दोष देता येत नाही. त्यांच्यापुढे प्रकारांचं चित्रच नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की प्राथमिक प्रकारात १०० पैकी ८० ते ८५ रुग्णांत एकाच ग्रंथीत साधी गाठ असते, ॲडिनोमा. उरलेल्या तिघी निर्दोष, किंबहुना काम नसल्यामुळे सुस्तावलेल्या. १०-१५ जणांत एकापेक्षा जास्त किंवा चारही ग्रंथी वाढलेल्या असतात. कर्करोग एखाद्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. हे माहीत असेल तर एक निरोगी ग्रंथी हाती लागल्यावर शल्यचिकित्सक थांबतो आणि स्वतःला विचारतो: ही सुस्तावलेली आहे, म्हणजे गाठ दुसरीकडे आहे, कुठे? १९२६ साली निरोगी ग्रंथी काढली की कॅल्शियम थोडं तरी उतरेल अशी आशा होती. ती फोल ठरली.

मधल्या वर्षांत कप्तानांना भरपूर कॅल्शियमचा आहार दिला गेला. त्याने हाडांना थोडा टेकू मिळाला, वेदना कमी झाल्या. पण दार तर उघडंच होतं. बाहेरून जास्त पाणी आलं तेवढं मूत्रपिंडातून जास्त वाहिलं. खडे वाढत गेले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला तिसरी शस्त्रक्रिया झाली. काही सापडलं नाही.

इथे जरा थांबून आपल्याकडचं सांगतो, कारण मला ते बोचतं. मुतखडा आपल्याकडे घरोघरी. खडा पडला की पोटभर पाणी, कुळथाचं कढण, फार तर दुर्बिणीतून काढणं. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा खडा तीनदा काढला होता, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. जाडजूड फाइल, सोनोग्राफीचे सात-आठ रिपोर्ट, आणि त्यात रक्तातलं कॅल्शियम एकदाही नाही. सोबत गुडघेदुखीसाठी चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. त्यांच्या हाताचा एक्स-रे काढला तेव्हा बोटांच्या मधल्या पेरांची अंगठ्याकडची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. पीटीएच वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट निघाला.

पाश्चात्त्य देशांत १९७० नंतर रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत कॅल्शियम यंत्रावर आपोआप मोजलं जाऊ लागलं आणि हा आजार काही त्रास नसलेल्या माणसांत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत, आकड्यावरून पकडला जाऊ लागला. मुंबई, चंदिगड, लखनौ, दिल्ली इथल्या मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या अनुभवात मात्र आपले रुग्ण वयाने लहान, आणि येतात ते दुखणारी हाडं, मोडलेली हाडं, खडे घेऊन. म्हणजे मार्टेल यांच्याच वळणाने. त्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे इतकी पसरलेली की ती दोन्हीकडून घात करते: हाडं आणखी पोखरते आणि रक्तातलं कॅल्शियम थोडं खाली ओढून प्राथमिक आजाराला दुय्यमाचा मुखवटा चढवते. कॅल्शियम १०.४, पीटीएच भरमसाट, ड जीवनसत्त्व तळाला. 'ड कमी आहे, म्हणून पीटीएच वाढलाय' असं म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. कमतरता बेताने भरून काढा आणि पुन्हा मोजा. प्राथमिक असेल तर कॅल्शियम आपला खरा चेहरा दाखवतं.

उलट टोकाचंही पाहतो. ६ लाख युनिटचं ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आठवड्याला एक, असं महिनोन्महिने घेतलेला माणूस उलट्या आणि गुंगी घेऊन येतो, कॅल्शियम १३-१४. पण त्याचा पीटीएच अगदी खाली गेलेला असतो, कारण त्याचा पाटकरी शहाणा आहे, पूर पाहून त्याने दार टाकलेलं आहे. काही कर्करोगांतही असंच चित्र असतं. एक आकडा घेऊन बसलो असतो तर गळा कापला गेला असता.

आणि मोजायचं तर नीट मोजावं. दंडाला पट्टा करकचून बांधून, मूठ उघड-बंद करायला लावून रक्त काढलं तर कॅल्शियम खोटंच वाढलेलं येतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर खोटंच कमी येतं. कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही चढे असले तरी २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम पाहायचं. ते फारच कमी असेल तर तो एक निरुपद्रवी आनुवंशिक प्रकार असू शकतो, ज्यात ग्रंथीवरचा कॅल्शियम ओळखणारा संवेदकच जरा मंद असतो. अशांचं ऑपरेशन करून काहीही साधत नाही, आणि तरी ते झालेली माणसं आहेत.

सातवी वेळ

१९३२ मध्ये मार्टेल पुन्हा बॉस्टनला आले. आता तिथे फुलर ऑलब्राइट आणि वॉल्टर बाउर हे तरुण वैद्य होते, आणि शल्यविभागात एडवर्ड चर्चिल आणि त्यांच्या हाताखालचे ऑलिव्हर कोप. चर्चिल यांनी कोप यांना आधी शवांवर सराव करायला लावला. पॅराथायरॉइडचा रंग कसा, चरबीपासून ती वेगळी कशी ओळखायची, रक्तवाहिनी कुठून येते, नेहमीच्या जागी नसेल तर कुठे कुठे असू शकते. गळा उघडून शोधाशोध करण्याआधी डोळा तयार करायचा. आजही या शस्त्रक्रियेत सगळ्यात मोठं उपकरण हा तयार डोळाच आहे, असं माझे शल्यचिकित्सक मित्र सांगतात.

मार्टेल यांच्या मानेवर आणखी शस्त्रक्रिया झाल्या. एकूण सहा वेळा त्यांची मान उघडली गेली. गाठ नाही. तोवर कप्तानांनी स्वतः वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन शरीररचनेची पुस्तकं वाचायला घेतली होती. मोडक्या पाठीचा, सात इंच खुजा झालेला हा माणूस आपल्याच गळ्याचे नकाशे पाहत बसलेला मला डोळ्यांपुढे येतो. जहाज हाकलेल्या माणसाला नकाशा वाचता येतोच. गळ्यात नसेल तर छातीत शोधा, असा आग्रह त्यांनी धरला.

त्यांच्या आग्रहाला आधार होता तो गर्भाच्या वाढीत. गर्भात पॅराथायरॉइड ग्रंथी घशाच्या बाजूच्या खोबणींतून उगवतात. खालची जोडी तिसऱ्या खोबणीतून, आणि त्याच खोबणीतून थायमस ही ग्रंथीही उगवते. थायमस खाली छातीत उतरते, तिच्याबरोबर ही जोडीही उतरू लागते आणि बहुतेकांत थायरॉइडच्या खालच्या टोकाशी थांबते. कधी कधी थांबत नाही. थायमसचं बोट धरून ती छातीच्या हाडामागे जाऊन बसते. वरची जोडी चौथ्या खोबणीतली, ती फारशी भटकत नाही. म्हणजे हरवलेली ग्रंथी वाटेल तिथे नसते. ती आपल्या वाटेवरच कुठेतरी असते, आणि वाट माहीत असेल तर शोधता येते.

नोव्हेंबर १९३२ मध्ये चर्चिल यांनी, कोप यांच्या साथीने, छातीचं मधलं हाड दुभागलं. आत, छातीच्या मधल्या पोकळीत, सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ होती. मसुराच्या दाण्याच्या जागी एखाद्या सुपारीएवढी. सहा वर्षं सगळे जिथे शोधत होते तिथून वीतभर खाली.

त्यांनी ती पूर्ण काढली नाही. बहुतेक सगळी काढून एक लहान तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट जिवंत ठेवला. कारण मधल्या वर्षांत निरोगी ग्रंथी आधीच काढून टाकल्या गेल्या होत्या. सगळी गाठ काढली असती तर दारावर कोणी उरलंच नसतं.

तरीही तीन दिवसांत टेटनी सुरू झाली, हातापायांना पेटके येऊ लागले. वर्षानुवर्षं उपाशी असलेली हाडं, दार बंद होताच, रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढू लागतात. याला आम्ही भुकेल्या हाडांची अवस्था म्हणतो. आज शिरेतून आणि तोंडाने कॅल्शियम, कार्यक्षम ड जीवनसत्त्व देऊन, तासातासाला रक्त तपासून माणसाला यातून काढता येतं. मोठा हाडांचा आजार असलेल्या रुग्णाचं ऑपरेशन यशस्वी झालं असं मी पहिला आठवडा तरी म्हणत नाही.

कप्तान त्यातून बऱ्यापैकी सावरत होते. मग एक खडा मूत्रवाहिनीत अडकला. मूत्रपिंडं आधीच खड्यांनी खराब झालेली. वाट मोकळी करायला शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तिच्यानंतर थोड्याच वेळात स्वरयंत्र आवळलं जाऊन त्यांचा मृत्यू झाला. गाठ निघाल्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते.

आज त्यांची गाठ शोधायला छाती उघडावी लागली नसती. टेक्निशियमचा किरणोत्सारी अंश जोडलेलं सेस्टामिबी शिरेत टोचतात. ते बेफाम ग्रंथीत रेंगाळतं आणि कॅमेऱ्याखाली छातीतला तो ठिपका उजळतो. जोडीला सोनोग्राफी, सीटी स्कॅन. ऑपरेशन चालू असतानाच पीटीएच मोजता येतो. तो रक्तात काही मिनिटंच टिकतो, त्यामुळे गाठ निघाल्यावर दहा मिनिटांत निम्म्याच्या खाली उतरला तर खरी गुन्हेगार हाती लागली असं समजायचं. न उतरला तर शोध चालू ठेवायचा. रिचर्डसन यांच्याकडे हा एक आकडा असता तर १९२६ सालीच त्यांना कळलं असतं की काढलेली ग्रंथी ती नव्हे. पण रक्तातला पीटीएच मोजण्याची रीत सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी प्रसिद्ध केली १९६३ मध्ये.

गाठ मुळात का होते, याचं उत्तर बहुतेक रुग्णांना देता येत नाही. एका पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि तिची पिलावळ वाढते. काहींत लहानपणी मानेला दिलेली किरणं कारणीभूत असतात, काहींत मनोविकारासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं लिथियम. तरुण वयात आजार झाला, चारही ग्रंथी वाढल्या, किंवा घरात कोणाला स्वादुपिंडाच्या, पिट्युटरीच्या, थायरॉइडच्या गाठी असतील तर मेन (MEN) या, एकाहून जास्त संप्रेरक-ग्रंथींत गाठी करणाऱ्या आनुवंशिक विकारांचा विचार करायचा आणि भावंडांचंही कॅल्शियम तपासायचं. तिशीतल्या रुग्णाला मी हे विचारल्याशिवाय सोडत नाही.

मार्टेल यांच्या शेवटच्या सहा आठवड्यांनी ऑलब्राइट यांना एक गोष्ट दाखवली होती. कप्तानांना शेवटी मारलं ते खड्याने, हाडांनी नव्हे. मग हाडं शाबूत असतानाही, फक्त खडे घेऊन येणाऱ्यांत हा आजार असेल का? बॉस्टनच्या त्या रुग्णालयात खड्याच्या रुग्णांचं कॅल्शियम मुद्दाम तपासायला सुरुवात झाली. १९३४ साली ऑलब्राइट, ऑब आणि बाउर यांनी एकाच रुग्णालयातले सिद्ध झालेले १७ रुग्ण प्रसिद्ध केले, आणि हा आजार विरळा नाही, अनेक रूपांनी भेटणारा आहे, असं शीर्षकातच लिहिलं. त्यातल्या काहींचं एकही हाड मोडलेलं नव्हतं.

तीनदा खडा काढलेल्या त्या बाईंची गाठ थायरॉइडच्या डाव्या खालच्या टोकाशी होती, नेहमीच्या जागी. चाळीस मिनिटांत निघाली. जुन्या फाइलच्या पहिल्या पानावर मी त्यांचं कॅल्शियम लाल शाईने लिहून ठेवलं आहे, आधीचं आणि नंतरचं, पुढे ज्या कोणा डॉक्टरकडे जातील त्याला ते सगळ्यात आधी दिसावं म्हणून.